आईच्या पुसलेल्या ओळी

आमच्या शब्दांच्या तक्त्यात आवाज ठेवायची सोय आली तो आठवडा मला नीट आठवतो, कारण त्याच आठवड्यात आई आमच्या कामात आली.

तक्ता म्हणजे इंटरनेटवरचा. दहा जणांनी आपापल्या घरी बसून उघडावा, प्रत्येकानं आपली ओळ भरावी आणि दुसऱ्यानं भरलेली तिथल्या तिथे दिसावी, असा. मी बेळगावात औषधं पुरवणाऱ्या एका एजन्सीत काम करते. गोदामातला माल आम्ही अशाच तक्त्यात ठेवतो, त्यामुळे मला त्याची सवय होती. निपाणीच्या शाळेत मला मराठी शिकवणारे सर निवृत्त होऊन बेळगावला आपल्या घरी राहायला आले आणि त्यांनी या भागातल्या बोलीचे शब्द जमवायला घेतले. आम्हा जुन्या विद्यार्थ्यांना त्यांनी कामाला लावलं. वर्षभरात सहा वह्या झाल्या आणि त्यातल्या तीन वह्यांत तेच ते शब्द निघाले. तेव्हा मी त्यांना तक्ता दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे एकच वही, पण सगळ्यांच्या घरी. बरं आहे की."

त्या वहीला अधूनमधून नवं काहीतरी फुटायचं. वरच्या कोपऱ्यात निळा ठिपका दिसायचा, त्यावर बोट ठेवलं की 'नवीन काय' म्हणून एक चौकोन उघडायचा. कधी ओळींना रंग देता यायचे, कधी शोधायची खिडकी मोठी व्हायची. बाकीचे त्या ठिपक्याकडे बघत नसत, मी मात्र बघायची. एका सोमवारी त्यात लिहिलं होतं की आता कुठल्याही चौकटीत आवाज नोंदवून ठेवता येईल.

मला लगेच आई आठवली. ती निपाणीत माझ्या भावाकडे असते. चौथीपर्यंत शिकलेली. ठळक अक्षरं लावून लावून वाचते, पण लिहायचं म्हटलं की हात मागं घेते. तीस वर्षं तिनं मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्या. डोळे आणि कंबर दोन्ही कुरकुरायला लागल्यावर ते थांबलं. बोलण्यात मात्र तिचा हात कुणी धरणार नाही.

त्या रविवारी मी निपाणीला गेले. ती मेथी निवडत बसली होती. मी फोन तिच्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "एक शब्द सांग आणि त्याचा अर्थ सांग."

"कुनाला सांगू?"

"कुणाला नाही. फोनलाच."

"फोनला काय सांगायचं? तू इचार, मी तुला सांगती."

म्हणून आमच्या तक्त्यात आईच्या प्रत्येक शब्दाआधी माझा प्रश्न ऐकू येतो. पहिल्या दोन शब्दांना ती इतकी मोठ्यानं बोलली की शेजारची कोंबडी पळाली. मग आवाज खाली आला. मी शब्द तेवढा टाइप करायची, अर्थ तिच्या आवाजात राहायचा. भाजीपाल्याचं माळवं, टोपलीची बुट्टी, शेतातली तण काढायची भांगलण, असं झालं आणि हळूहळू ती आपल्या कामाकडे वळली.

"छाट म्हंजी काय, आई?"

"छाट म्हंजी, ठेकेदार इड्या तपासाय बसला की हाताला लागंल ती बाजूला टाकायचा. ही बारीक, ही सैल, हिचं पान फुटलंय. ती बाजूला टाकल्याली छाट. पर आमी घरात समद्यालाच छाट म्हनतो. भाकरी वाकडी झाली, छाट. कपाचा कान मोडला, छाट. तुजा बा आजारी पडून घरात बसला तवा सवताला छाट म्हनायचा."

अप्पा असं म्हणायचे हे मी विसरून गेले होते. मी पुढचा शब्द विचारला.

प्रत्येक ओळीत 'कोणी सांगितलं' अशी एक चौकट होती. गुंजीकडचे सरांचे एक मित्र, निवृत्त पोस्टमन, आमच्यात होते, ते तिथे आपल्या आजीचं पूर्ण नाव, गाव, सगळं लिहीत. मी आईच्या ओळींत लिहिलं, 'निपाणी, एक महिला'.

आईला या कामाची गोडी लागली. रविवारी मी गेले की ती आधी मागच्या रविवारचं ऐकायची, स्वतःच्या आवाजाला मान डोलवायची. महिन्याभरानं ती म्हणाली, "छाट लाव." मी शोधलं तर छाट नव्हतं. अजून बघितलं तर विडीच्या कामातले अकरा शब्द गायब होते. माळवं होतं, बुट्टी होती.

"माजं छाट कुटं गेलं गं?"

"त्या नव्या अपडेटमुळं काहीतरी झालं असेल," मी म्हणाले, आणि मला खरंच तसं वाटत होतं. घरी येऊन मी तक्त्याच्या कंपनीला तक्रार लिहिली. त्यांचं सभ्य उत्तर आलं की आमच्याकडून काही गेलेलं नाही. लवकरच प्रत्येक ओळीचा इतिहास बघायची सोय येते आहे, तिथे पाहावं.

पंधरा दिवसांनी निळा ठिपका आला. ऑफिसात जेवायच्या सुट्टीत मी डबा बाजूला ठेवून इतिहास उघडला. एका मंगळवारी दुपारी पाठोपाठ अकरा ओळी पुसल्या होत्या, आणि अकराही ठिकाणी सरांचं नाव होतं.

ज्या सरांनी आपल्या नावावर मला वाचनालयाची पुस्तकं आणून दिली, तेच हे सर. विचारायला हवं होतं, पण जाब विचारल्यासारखं होईल म्हणून टाळलं. इतिहासात 'परत आणा' असंही एक बटण होतं. मी ते अकरा वेळा दाबलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओळी पुन्हा पुसलेल्या. मी पुन्हा आणल्या, त्या पुन्हा गेल्या. इतिहासात एकाखाली एक आमची दोघांची नावं साठत चालली, आणि आमच्या फोनवरच्या ग्रुपवर सर रोज सकाळी नेहमीसारखं "सुप्रभात" लिहीत होते, मीही उलट "सुप्रभात" लिहीत होते.

रविवारी मी आईला सगळं सांगितलं.

"मग इचारलंस का त्यास्नी?"

"नाही."

"का? फोन हाय न्हवं हातात?"

तिच्यासमोरच फोन लावला. सर आश्चर्यात पडले. "अगं, त्या ओळींत अर्थच नव्हता. नुसता शब्द. अर्धवट ओळ ठेवायची नाही असं ठरलंय ना आपलं? मी पुसतोय आणि त्या परत येतायत. मला वाटलं, अपडेटच बिघडलंय."

आवाजाची सोय आल्याचं त्यांना ठाऊकच नव्हतं. निळा ठिपका दिसला की ते तो बंद करून टाकत. माळवं, बुट्टीसारखे शब्द टिकले होते ते एवढ्यासाठीच, की त्यांचे अर्थ पोस्टमननी आधीच टाइप करून ठेवले होते. इतिहासात पुसलेल्या ओळीचा आवाज कुठे दाबून ऐकायचा ते मी सरांना सांगितलं. संध्याकाळी मी निघायच्या आत त्यांचा फोन आला.

"ऐकलं. छान सांगितलंय तुझ्या आईंनी. पण हा कारखान्याचा शब्द आहे, बोलीचा नव्हे. उद्या साखर कारखान्यातले, गॅरेजमधले शब्द येतील. मग थांबायचं कुठं?"

मी फोन ठेवला. आईनं त्यांचं म्हणणं माझ्याकडून काढून घेतलं आणि ती म्हणाली, "फोनवर कसं कळंल त्यास्नी? येऊन बसा म्हनावं घडीभर."

पुढच्या रविवारी सर खरंच आले. आम्ही एकाच बसनं आलो. वाटेत संकेश्वरपर्यंत त्यांनी छाट हा शब्द जुन्या कोशांत कुठल्या कुठल्या अर्थानं येतो ते सांगितलं. आमच्या घरी ते पहिल्यांदाच येत होते. आईनं खुर्ची पुसून दिली, ते चटईवरच बसले.

"आक्का, ऐकले तुमचे शब्द," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "आई आहेत हे मला आवाज ऐकल्यावर कळलं. तिथे 'एक महिला' काय लिहिलंस?"

खरं कारण मला माहीत होतं. ऑफिसात, बेळगावच्या मैत्रिणींत, माझी आई काय करायची हे मी कधी खोटं सांगितलं नाही, पण कुणी विचारलं नाही तर आपणहून सांगितलंही नाही. नाव लिहिलं असतं तर ग्रुपमधल्या सगळ्यांना कळलं असतं.

"तिला वाटलं आसंल," आई चहा गाळता गाळता म्हणाली, "इड्या वळणारीचं नाव कशाला त्या पुस्तकात." आवाजात राग नव्हता. दूध उतू चाललंय म्हणावं इतक्या सहज ती म्हणाली. मी कप पुढं सरकवले. सरांनी विषय शब्दांवर नेला, आणि ते मला बरं वाटलं.

मग त्यांचं दोघांचं सुरू झालं. सर म्हणाले, धंद्यातला शब्द धंद्यातच राहतो. आई म्हणाली, न्हाय ऱ्हात. ते उदाहरण मागत, ती देई. ते म्हणत, हे तुमच्या एका घरातलं झालं. ती म्हणे, गल्लीत इचारा. इतक्यात शेजारची काकू दारात आली. तिच्या परसातल्या पेरूंची बुट्टी हातात होती. पाहुणे बसलेत बघून ती दारातच थांबली आणि म्हणाली, "पोरांस्नी आनलंतं. दिसाय छाट हायती, पर लई ग्वाड हायती."

आईनं सरांकडे बघितलंसुद्धा नाही. ती बुट्टी घ्यायला उठली. सर मात्र हसायला लागले, असे की डोळ्यांतून पाणी आलं. काकू बिचारी गोंधळली. "काय चुकलं का व्हय माजं?"

"काही नाही चुकलं," सर म्हणाले आणि खिशातली वही काढली. "पुन्हा एकदा म्हणा बघू."

त्या दुपारी अकरातले नऊ शब्द परत आले. उरलेले दोन म्हणजे तंबाखूच्या प्रतीची नावं. ती सरांनी घेतली नाहीत, आणि आईनंही सोडून दिली. "त्ये ठेकेदाराचे, त्ये ऱ्हाऊ देत," ती म्हणाली. निघण्याआधी मी फोन उघडला आणि आईच्या सगळ्या ओळींत तिचं नाव आणि आडनाव लिहिलं. एकेक ओळ उघडून लिहायला वेळ लागला. एकदम सगळीकडे बदलायची सोय होती, पण मी ती वापरली नाही. आई माझ्या खांद्यावरून बघत होती. तिसऱ्या-चौथ्या ओळीला म्हणाली, "तुज्या बाचं नाव पन घाल की मदी." मी घातलं.

त्यानंतर तक्त्यात पुष्कळ नवं आलं. आता पुसायच्या आधी दोघांची संमती लागते, आणि ती सोय चालू करायला सांगणारे सरच होते. ठिपका दिसला की ते मलाच फोन करून विचारतात, यात काय आहे गं. अलीकडे अर्थाची चौकट रिकामी असली तर यंत्र आपणहून अर्थ सुचवतं. ते बहुतेक वेळा चुकतं, आणि ते वाचून दाखवलं की आईची चांगली करमणूक होते.

गेल्या रविवारी मी गेले तर आईनं सुनेच्या फोनवर तक्ता उघडून ठेवला होता. भावाच्या बायकोनं तिला लॉगिन करून दिलं होतं. गुंजीच्या पोस्टमननी एका पालेभाजीचं नाव लिहिलं होतं, ते आईला पटलं नव्हतं. आमच्याकडे तिला वेगळं म्हणतात, असं तिला त्यांना सांगायचं होतं, आणि आवाजात नको होतं.

"लिवायचंय मला," ती म्हणाली.

मी शेजारी बसले. ती एका बोटानं अक्षर शोधायची, सापडलं की दाबून बोट उचलून घ्यायची, जणू चटका बसतोय. 'आमच्यात' हा एवढा शब्द होईपर्यंत कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या. मध्ये मी मदतीला हात पुढं केला तर तिनं फोन पलीकडं सरकवला.

"हाय तितं बस," ती म्हणाली. "ह्ये अक्षराच्या डोक्यावरचं टिंब कुटं आसतंय, तेवढं सांग."