भाच्यावर हात कसा उचलायचा

मला दिग्दर्शक नेमलं, त्याचं कारण मी वेळेवर येते. नाटकाचं मला काही कळतं असा मंडळात कुणाचाच आरोप नव्हता. सेक्रेटरी म्हणाले, "तुम्ही ऑफिसात एवढ्या लोकांकडून काम करून घेता, इथे तर पाचच आहेत." सेक्रेटरी रेल्वेतून निवृत्त झालेले. कुठलीही गोष्ट रुळांवर चढवून दिली की ती आपोआप पुढे जाते, असं त्यांना अजून वाटतं.

आमचं मंडळ रायपूरच्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यातलं, लहानसं. गणपतीत दोन नाटकं होतात. मोठं नाटक पौराणिक, आणि ते जुन्या घरांचं. त्यातल्या भूमिका नोकरीसारख्या बापाकडून मुलाकडे जातात. दुसरं नाटक मुलांसाठी, आणि ते नवीन लोकांचं. नवीन म्हणजे बदलीवर आलेले, राजधानी झाल्यावर आलेले, आणि ज्यांचे आजोबा इथल्या कुणाला ओळखत नव्हते असे सगळे. त्या वर्षी मुलांनी सुपरहिरो मागितले. तेही हिंदीत मागितले, पण मराठीत मिळतील असं ठरलं. संहिता मीच एका रविवारी कपडे वाळत घालता घालता रचली. काळोखासुर नावाचा खलनायक रायपूरचे सगळे दिवे गिळतो, आणि चार वीर एकत्र येऊन त्याला हरवतात. बस.

वीर असे होते. समता कॉलोनीतल्या दातांच्या डॉक्टरीण बाई विजेची शक्ती घेऊन आल्या. शस्त्र म्हणून प्लॅस्टिकच्या पाइपला चंदेरी कागद गुंडाळला होता. नागपूरहून बदलून आलेले बँकेचे मॅनेजर वादळ झाले. नव्या रायपूरच्या कुठल्याशा कार्यालयातल्या पुण्याच्या इंजिनियरने अदृश्य होण्याची शक्ती मागून घेतली, आणि तालमीलाही ती वापरायला सुरुवात केली. चौथे वीर, नाव 'पहाड', म्हणजे सगळं मंडळ ज्यांना मामा म्हणतं ते.

मामा रायपूरजवळच्या अभनपूरचे. तिथे त्यांचं बी-बियाणांचं दुकान. तीन पिढ्या छत्तीसगढात गेलेल्या, मूळ गाव वर्ध्याकडचं, आणि दोन वर्षांपूर्वी मुलीच्या शिक्षणासाठी रायपूरला घर केलेलं. म्हणजे मॅनेजरपेक्षा ते या मातीत सत्तर-ऐंशी वर्षं जुने, पण मंडळाच्या हिशेबात नवीनच, कारण बोलता बोलता 'हो'च्या जागी 'हव' म्हणायचे. दोन वर्षं त्यांना साउंडवर बसवलं होतं. त्यांची इच्छा साधी होती. एकदा मोठ्या नाटकात उभं राहायचं. त्यांच्या आवाजाने खिडक्या थरथरतात, पण तो आवाज मंडळाने "हॅलो, माइक चेक" यापलीकडे ऐकला नव्हता. सेक्रेटरींनी सांगितलं होतं, "यात बरं केलं तर पुढच्या वर्षी मोठ्या नाटकाचा विचार करू." मामांनी ते मला चार वेळा सांगितलं. पाचव्यांदा मीच म्हटलं, "माहीत आहे, संवाद पाठ करा."

काळोखासुर व्हायला कुणी तयार नव्हतं. एकाच्या मुलीचं लग्न ठरायचं होतं. दुसऱ्याने बायकोला विचारलं, आणि तिने "घरी करता तेवढं पुरे" असं उत्तर दिलं. शेवटी मामांना न्यायला रोज येणारा त्यांचा सख्खा भाचा म्हणाला, "मैं कर लेता हूँ, आंटी. मरना ही तो है." पंचविशीतला, कुरियर कंपनीत नोकरीला. मराठी सगळी समजते, उत्तर हिंदीत. खलनायकाला फक्त हसायचं होतं, त्यामुळे भाषेचा प्रश्न आला नाही. मामाही "हव, करू द्या पोट्ट्याले" म्हणाले. भूमिका मिळण्याच्या आनंदात त्यांनी पुढचा विचार केला नव्हता.

तालीम सुरू झाली आणि लक्षात आलं की प्रत्येकाला आपापल्या ठिकाणी साहेब असायची सवय आहे. डॉक्टरीण बाई खूण होण्याआधीच मारायच्या. पेशंटला कळायच्या आत दात काढायची त्यांची पद्धत. मॅनेजर प्रत्येक वारापूर्वी दोन वाक्यं बोलायचे. इंजिनियर मागे उभा राहून फोनवर मीटिंग करायचा, वर मला सांगायचा, "मॅडम, मी अदृश्यच आहे ना." शेवटी 'चौफेर वार' होता: मी तीन म्हटलं की चौघांनी एकदम काळोखासुरावर तुटून पडायचं. मी तीन म्हटलं. बाईंनी दोनलाच मारलं होतं, मॅनेजर "सर्वप्रथम" म्हणत होते, इंजिनियर "यू आर ऑन म्यूट" म्हणत होता, आणि मामा वाकून काळोखासुराच्या पाया पडले.

"हे काय?" मी विचारलं.

"भांचा हाय ना मॅडम," मामा म्हणाले. "त्याच्यावर हात कसा उचलू?"

छत्तीसगढात मामा भाच्याच्या पाया पडतो. कौसल्या या भागातली, म्हणून राम इथला भाचा, आणि म्हणून प्रत्येक भाचा रामाच्या जागी. वडीलधारा मामाही कालच्या पोराच्या पाया पडतो. भाच्याला मारणं तर सोडाच, त्याला उष्टंही देत नाहीत. वर्ध्याकडे असलं काही नाही, पण तीन पिढ्यांत मामांच्या घरात हे पाणी मुरलेलं होतं.

"मामाजी, मार दो न, एक्टिंग है," भाचा जमिनीवरून म्हणाला.

"तू चूप बस. तुह्या मायले काय सांगू मी?"

मॅनेजर म्हणाले, "अहो, हा काही तुमचा खरा भाचा नाही, हा काळोखासुर आहे."

"खराच हाय. बारशाले मी होतो त्याच्या."

आठवडाभर हेच. मी सांगितलं, अंगाला हात लावू नका, हातभर अंतरावरून हवेत मारा. त्यांनी हवेत मारलं आणि मग हवेची माफी मागितली. खलनायक बदलावा तर दुसरा माणूस नव्हता. सेक्रेटरी एकदा तालीम बघायला आले नि नेमकं ते नमस्काराचं दृश्य पाहिलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "शुक्रवारपर्यंत यांनी हात उचलला तर ठीक. नाही तर साउंडवर पाठवा. आणि मोठ्या नाटकाचं विसरायला सांगा."

मी मामांना जसंच्या तसं सांगितलं. आडवळणाने सांगायला वेळ नव्हता. ते म्हणाले, "काहून असं करून राहिले ते? बाकी सगळं पाठ हाय ना माझं." मग जरा वेळाने, "मी तोंड फिरवून मारतो." शुक्रवारी त्यांनी तोंड फिरवलं, डोळे मिटले आणि इंजिनियरला मारलं. मी सेक्रेटरींना कळवलं की हात उचलला आहे. ते खोटं नव्हतं.

प्रयोगाला गर्दी झाली. पुढे जुन्या घरांतल्या बायका, मधे मुलं, मागे पाऱ्यातले सगळे छत्तीसगढी शेजारी, ज्यांना मराठी कळो न कळो, प्रसाद कळतो. पहिल्या रांगेत स्वतःचे दोन पेशंट पाहून डॉक्टरीण बाईंना वीरश्री चढली. चौफेर वाराला मी विंगेतून बोटं दाखवत होते, तर पहिल्याच बोटाला त्यांनी पाइप फिरवला, आणि तो खरोखर भाच्याच्या कानशिलात बसला. पोरगा "अरे बाप रे" म्हणून आडवा झाला. हे संहितेत नव्हतं.

मामांचा पहाड पुढे सरकला. मग त्यांनी पाइप धरला.

"बाई, बस झालं. भांचा हाय तो माझा."

"सोडा हो, माझा वार आहे," बाई दात आवळून म्हणाल्या.

"तुमचा दवाखाना नाही हा."

आता मामा भाच्यासमोर हात पसरून उभे. मॅनेजर धावले, आणि तेवढ्या एका वेळी त्यांनी प्रस्तावना वगळली. त्यांनी मामांची कंबर धरली. इंजिनियर दृश्य झाला आणि उजव्या हाताला लोंबकळला. बाईंनी डावा पकडला. तीन आठवडे मी ज्यासाठी घसा फोडला, ते तिघांनी एका दमात केलं: एकाने ओढलं, दुसऱ्याने रेटलं, तिसरीने नेम धरला. मामा मात्र हलले नाहीत. भाचा खालून सांगत होता, "मामाजी, हट जाओ, मुझे मरना है अभी."

"मी हाय तोवर नाही," मामा म्हणाले. त्या आवाजाला माइकची गरज नव्हती.

मागून एक म्हातारी ओरडली, "बने करे, मामा!" छान केलंस, असं. मग मागच्या सगळ्या रांगा उठून टाळ्या वाजवायला लागल्या. मुलांनी बाजू बदलली आणि ती काळोखासुराच्या नावाने घोषणा द्यायला लागली. मी पडदा पाडायला सांगितला. रायपूरचे दिवे त्या वर्षी परत मिळाले नाहीत, थेट आरती झाली.

भाच्याच्या कानाला बर्फ लावला. मामा रंग पुसत बसले होते. "मॅडम, गेलं ना आता माझं?"

"बहुतेक," मी म्हटलं. मला तसंच वाटत होतं.

विसर्जनानंतरच्या बैठकीत सेक्रेटरींनी आधी मला सुनावलं, की मुलांच्या नाटकात वाईटाचा विजय झाला. ते बरोबरच होतं. मग त्यांनी चष्मा काढला. जुन्या घरांतल्या बायकांनी म्हणे चौकशी केली होती की तिघांना पेलणारा तो गृहस्थ कोण, आणि इतकी वर्षं कुठे होता. शिवाय मोठ्या नाटकातला मुख्य माणूस मुलाकडे बंगलोरला राहायला चालला होता. सेक्रेटरी म्हणाले, "पुढच्या वर्षी तुम्हाला मोठा रोल देतो. मथुरेचा राजा."

मामा उभेच राहिले. "तो, ज्याच्या मनात भाच्याले मारायचं असते?"

"तोच. नाटकातला सगळ्यात मोठा रोल आहे. आता दुसरा शिल्लकही नाही."

बैठकीत सगळे माझ्याकडे बघायला लागले, जणू मथुरेचा राजा मी निवडला होता. मामांनी बाहेर जाऊन अभनपूरला बहिणीला फोन लावला. खिडकीतून नुसतं "हव, हव" ऐकू येत होतं. परत आले.

"बहीण म्हणते, भाच्यानं मामाले मारलं तर चालते. देवाच्या हातून मरण, पुण्यच हाय. पण मी हात उचलणार नाही. दरबारात गरजतो, सिंहासनावर बसतो, मरतो चांगला. कुस्ती नाही करत."

"कुस्तीशिवाय तो प्रवेश कसा होईल?" सेक्रेटरी म्हणाले.

"ते मॅडमले विचारा."

मी म्हटलं, होईल. कुस्तीच्या जागी एक वाक्य टाकते, राजाचं, मोठ्या आवाजात, आणि मग तो मरतो. सेक्रेटरींनी मान हलवली. मामांनी विचारलं, वाक्य किती लांब असेल. मी म्हटलं, तुम्हाला पेलेल तेवढं. ते म्हणाले, मग लंबाच लिहा.