ज्याचं कार्ड त्याचा नंबर

माझ्या नवऱ्याला हळू बोलता येत नाही. भोसरीत त्याचं वर्कशॉप आहे, दिवसभर लेथ घरघरतात, आणि त्यावर आवाज चढवायची इतकी सवय झालीय की घरी त्याने मीठ मागितलं तर शेजारी घेऊन येतील. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढच्या भानगडीची सुरुवात तिथे आहे.

दर रविवारी दुपारी, जेवणं उरकली की, पुनावळ्यातल्या आमच्या हॉलमध्ये आम्ही चौघं एक खेळ खेळतो. टेबलावर कागद, पेन्सिली, फासे आणि चिवडा. मी गोष्ट सांगते: जंगल आहे, पडका किल्ला आहे, दारात राक्षस उभा आहे. बाकीचे तिघं त्या गोष्टीतली माणसं होतात आणि आपण काय करणार ते बोलून दाखवतात. नवरा योद्धा. आमचे घरमालक जादूगार. ते मूळचे गावातलेच, एकदा आवाजाची तक्रार करायला वर आले, "काय चाललंय काय ताई हे?" म्हणून बसले, ते उठलेच नाहीत. तिसरा माझ्या कंपनीतला. चाकणला मी प्लॅनिंगला आहे, तो क्वालिटीला. नांदेडकडचा. आमच्या गोष्टीत तो तिरंदाज.

हा तिरंदाज बोलताना अडखळतो. शब्दाच्या पहिल्याच अक्षरावर गाडी अडते, कधी चार सेकंद, कधी दहा. ते अडखळणं मी इथे लिहून दाखवणार नाही, नकला करणारे त्याला आयुष्यभर पुरलेत. कंपनीत त्याचा साहेब त्याची वाक्यं परस्पर पुरी करून टाकतो, आणि हमखास उलटी. हा "माल थांबवा" म्हणायला जातो, अडतो, आणि साहेब म्हणतो, "जाऊ द्या म्हणतोय तो." एकदा कँटीनमध्ये डबा खाताना तो मला म्हणाला होता, "आठवड्यातून एकदा तरी माझं वाक्य मलाच संपवू द्यावं कोणीतरी. म्हणून येतो मी तुमच्याकडं." आणि आम्ही काय करत होतो? तेच.

म्हणजे असं, की मारामारी लागली की आधी वार कोणाचा, हे ठरवायला सगळ्यांनी वीस बाजूंचा फासा टाकायचा. ज्याचा आकडा मोठा तो पहिला. मी विचारायची, "कोणाला किती?" नवरा "चौदा" म्हणून गरजायचा आणि तलवार काढून मोकळा. घरमालक "आमचं तेरा हाय" म्हणत आगीचा गोळा सोडायचे. राक्षस मेला की आम्ही हसायचो, चिवड्याची बशी फिरायची. तिरंदाजाच्या पुढ्यात अठरा पडलेले असायचे आणि तो अजून पहिल्या अक्षरावर असायचा. असे तीन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी त्याने फासा गुपचूप उचलून डबीत ठेवला, तो मी पाहिला, आणि तरी गोष्ट पुढे रेटली.

बुधवारी त्याचा मेसेज आला. शिफ्ट बदलली, आता रविवारी जमणार नाही. अरे, शिफ्टचा तक्ता मी बनवते. कोणाला थापा मारतोस? अर्धा मिनिट मला त्याचा राग आला. मग स्वतःचाच आला, तो मात्र दोन दिवस टिकला. भाजी करपली, नवऱ्याने विचारलं काय झालं, तर मी त्याच्यावरच खेकसले. तो बिचारा पहिल्यांदाच हळू आवाजात "बरं" म्हणाला.

उपाय सुचला तो लाइनवर. आमच्याकडे नियम आहे, ट्रॉलीला कार्ड लागल्याशिवाय माल हलवायचा नाही. मॅनेजर येऊन उभा राहिला तरी नाही. मग तोंडांना हा नियम का नको? घरी आल्यावर माळ्यावरून जुन्या लग्नपत्रिका काढल्या आणि पत्त्यांएवढे तुकडे कापले. एकेकावर एकेक नाव: योद्धा, जादूगार, तिरंदाज, राक्षस. पिसायचे, पालथे ठेवायचे, वरचं उचलायचं. ज्याचं कार्ड त्याचा नंबर. त्याने ते हातात धरायचं, आणि तो खाली ठेवेपर्यंत बाकीच्यांनी ब्र काढायचा नाही. आकडा ओरडायची भानगडच नको.

मी त्याला कळवलं, "रविवारी ये. नवीन कार्डं केलीत, तपासायला क्वालिटीचा माणूस हवा." कामाचं नाव काढल्यावर तो नाही म्हणू शकत नाही, हे मला माहीत होतं.

आला तो मापं घ्यायचा व्हर्नियर घेऊनच. खेळायला बसला नाही, उभ्याउभ्या प्रत्येक कार्डाची जाडी मोजली, मागची बाजू उजेडात धरून पाहिली, आणि एका कागदावर रिपोर्ट लिहून माझ्या हातात दिला. राक्षसाचं कार्ड जाड, मागे सोनेरी नक्षी. योद्ध्याचं पातळ, मागे गुलाबी. न उलटता ओळखू येतात. शेरा: रिजेक्ट. खाली सही. खिशातून नापास मालाचा लाल टॅग काढून त्याने गठ्ठ्याला बांधलासुद्धा. नवऱ्याचा चेहरा पडला. आदल्या दिवशी सराव करताना "आता माझंच येणार बघ" असं हा माणूस तीनदा म्हणाला होता आणि तिन्हीदा त्याचंच आलं होतं, ते का, हे मला तेव्हा कळलं.

"मंग आमच्या धाकल्याच्या लग्नाच्या घ्या की," घरमालक म्हणाले. "हॉल बदलला, पुन्हा छापाव्या लागल्या. गठ्ठा तसाच पडून हाय." मात्र अट घातली, देवाच्या चित्राला कात्री लावायची न्हाई. म्हणून मी सगळी कार्डं पत्रिकेच्या खालच्या भागातून कापली. एक कागद, एक जाडी, एक रंग, आणि प्रत्येकाच्या पाठीवर पुतण्यांच्या नावाने छापलेली तीच ओळ: आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं. क्वालिटीने पास केली.

पिसून पहिलं उचललं, ते तिरंदाजाचं. त्याने कार्ड हातात घेतलं आणि अडला. पाच सेकंद. दहा. नवऱ्याचं तोंड उघडलं, मी नुसतं पाहिलं, त्याने मूठभर चिवडा तोंडात कोंबला. घरमालक डोळे मिटून बसले. आणि मग तो बोलला. बाण राक्षसाला मारायचाच नव्हता; वर टांगलेल्या घंटेचा दोर तोडायचा होता. घंटा कुठे आहे, दोर किती जुना, वारा कुठून येतोय, सगळं सांगितलं. चांगली पाच मिनिटं. राक्षस घंटेखाली सापडला. तीन रविवार आम्ही हे ऐकलंच नव्हतं, याची मला लाज वाटली.

"झालं का, भावा?" नवऱ्याने विचारलं. कार्ड हातातच होतं.

"नाही. बोलायलोय अजून."

महिनाभर असं छान चाललं. मग एका रविवारी आवराआवर करताना तिरंदाजाचं कार्ड सापडेना. सोफा हलवला, चिवड्याचा डबा उपसला, शेवटी नवऱ्यावर आळ घेतला, कारण गाडीची चेन पुसायला हाती येईल तो पुठ्ठा घेणारा माणूस तो. चांगलंच वाजलं आमचं.

सोमवारी सकाळी कंपनीत मीटिंग होती. एका लॉटची भोकं जागेवर नव्हती आणि माल बाहेर गेला होता. कोणाच्या माथी मारायचं, एवढंच ठरायचं होतं. साहेब तिरंदाजाकडे बघत म्हणाले, "लॉट यानेच पास केला होता. काय रे?" तो अडला. साहेबांनी नेहमीसारखा श्वास घेतला, "हो म्हणतोय..."

त्याने शर्टाच्या खिशातून कार्ड काढलं आणि छातीसमोर धरलं. कार्डाची पाठ साहेबांकडे. साहेबांनी वाचलं. चष्मा वर करून पुन्हा वाचलं. आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं. मी म्हणाले, "साहेब, नंबर त्याचा आहे. थांबू या."

दहा सेकंद गेले.

"मी पास केला नाही," तो म्हणाला. "थांबवा असं लिहिलं होतं. रजिस्टरमध्ये आहे. त्याखाली जाऊ द्या म्हणून सही तुमची आहे." मग त्याने कार्ड टेबलावर ठेवलं. रजिस्टर मागवलं गेलं. बाहेर पडताना साहेबांनी मला हळूच विचारलं, लग्न कोणाचं आहे. मी म्हटलं, होऊन गेलं.

पुढच्या रविवारी त्याने ते कार्ड टेबलावर ठेवलं. घामाने फुगलेलं, कोपरा दुमडलेला. नवरा माझ्याकडे बघून खाकरला. आळ घेतल्याची माफी मागायची होती मला, मागितली. तिरंदाजाने व्हर्नियर लावून जाडी पाहिली, मान हलवली, लाल टॅग बांधला आणि टॅगसकट कार्ड परत खिशात घातलं.

"हे रिजेक्ट आहे, वहिनी," तो म्हणाला. या वाक्याला त्याला बराच वेळ लागला आणि कोणीही मध्ये बोललं नाही. "माझ्याकडंच राहू द्या."

मी कात्री शोधली आणि दुसरं कार्ड कापायला घेतलं.