भिंतीत शिरणारा बॉल

आमच्या गेमचं इंजिन लिहिलं तेव्हा माझ्या डोक्यावर केस होते. आता केस नाहीत, इंजिन आहे. इंजिन म्हणजे गेमच्या पोटातली यंत्रणा: बॉल कुठे आपटला, किती उडाला, ते ठरवणारी. गेम गल्ली क्रिकेटचा. स्टुडिओ लालबागला, मसाला कुटून देतात त्या दुकानाच्या वर. खाली मिरची कुटायला घेतली की आमच्या मीटिंगा आपोआप आटोपतात.

खेळणाऱ्यांना स्वतःची गल्ली, स्वतःची चाळ गेममध्ये बांधता यावी, अशी सोय मी हौसेनं करून ठेवली होती. लोकांनी धडाधड बांधल्या. त्या सांभाळायचं काम माझ्याकडे आलं, कारण तो कोड दुसऱ्या कुणाला कळत नाही. खरं तर हल्ली मलाही कळत नाही. कॉम्प्युटरचं नवं अपडेट आलं की कुठलीतरी चाळ स्क्रीनवर काळी पडते आणि मी चष्मा पुसत बसतो. कंटाळलो होतो. इंजिन बदलूया, असा धोशा मीच लावला.

"आणि लोकांच्या चाळी?" भागीदारानं विचारलं. तो माझा शाळेपासूनचा मित्र.

"नव्यात नाही चालणार. पुन्हा बांधतील रे."

"मग त्यांनाच विचार."

एका शनिवारी दुपारी नेहमीच्या खेळाडूंना बोलावलं. त्यात नायगावच्या एक बाई होत्या, विम्याच्या ऑफिसात नोकरीला. त्यांची बीडीडी चाळ पाडायला घेतली तेव्हा त्यांनी ती आमच्या गेममध्ये बांधली. पांगलेले शेजारी रविवारी तिथे जमून खेळतात.

जुन्या इंजिनात माझी एक घोडचूक होती. उंच मारलेला बॉल पहिल्या मजल्याच्या भिंतीत शिरायचा आणि गायब व्हायचा. नव्यात मी ती सुधारली होती, म्हणून मोठ्या रुबाबात तीच आधी दाखवली. बॉल भिंतीवर आपटला, सुरेख वळला, खाली परत आला. मी टाळ्यांसाठी थांबलो.

"परत आला?" बाई म्हणाल्या.

"आला ना! आता कधीच शिरणार नाही."

"अहो, मग आउट कसं द्यायचं? बॉल काकूंच्या घरात गेला की आउट. आणि जो मारेल तो आणेल. वर जायचं, दार वाजवायचं, शिव्या खायच्या."

"कोणाच्या शिव्या?"

त्यांनी जुन्या गेममधली आपली चाळ उघडून दाखवली. काकूंच्या दाराला त्यांनी आपल्या आईचा आवाज लावला होता; अख्ख्या चाळीच्या काकू त्याच. "मेल्यांनो, परत इलास तर बॉल चुलीत घालतलंय!"

घरात गॅस होता म्हणे, धमकी मात्र चुलीची. "एका दमात रेकॉर्ड केलं," बाई म्हणाल्या. "सवयच होती तिला."

खाली मिरची सुरू झाली. सगळे शिंकत होते, पण कोणी उठेना.

शेवटी भागीदारानंच निकाल दिला: नवं इंजिन पुढच्या गेमला, हा गेम आहे तसाच राहील.

"आणि सांभाळणार कोण?" मी विचारलं, आवाज जमेल तेवढा केविलवाणा करून.

"बॉल कोणी मारला होता?" तो म्हणाला. बाई तोंडाला रुमाल लावून हसल्या. शिंकेचं निमित्त होतंच.

सोमवारी अपडेट आलं आणि नायगावची चाळ काळी पडली. संध्याकाळपर्यंत निस्तरत बसलो. मग नीट झालं का बघायला एक बॉल उंच मारला, जिना चढलो, दार वाजवलं.

शिव्या स्वच्छ ऐकू आल्या.