उणे चोवीस वर्षांचे चाचा

दोन हजार चार साली मी मोर्शीच्या एका कार्यालयात ज्येष्ठांचे दाखले टाइप करायची. संत्री विकणारे एक चाचा एसटीच्या अर्ध्या तिकिटासाठी दाखला मागायला आले. "अठ्ठावीसचा जलम," ते म्हणाले. आमच्याकडे साल असंच सांगतात. मी २८ टाकलं. संगणकानं वय दाखवलं, उणे चोवीस!

तीसच्या आतलं साल त्या मेल्या मशीनला दोन हजारांतलं वाटायचं, आणि चारही आकडे टाकायला जागाच नव्हती. साहेबाला सांगितलं, तर तो खुर्चीतून उठलासुद्धा नाही. "तीस टाका. काय फरक पडतो?"

चाचांनी ते ऐकलं. "तीसमंधी त माहा लहाना भाऊ झाला. मले त्याचा जुळा करता काय?"

साहेब खो खो हसला. त्याची बत्तिशी पाडावी, असं वाटलं. आजही तो दारात आला तर मी त्याला पाणी विचारणार नाही. पण तीस टाकलं ते मीच.

चाचांना वाचता येत नव्हतं. दाखला हातात घेऊन त्यांनी विचारलं, "अठ्ठावीसच लिवलं ना, बेटा?"

"हो चाचा," मी म्हणाले.