कमरेची चटई
टोंगा बेटांवरच्या मनासेचं छप्पर गळत होतं. बायको सियाले म्हणाली, "कर्जच काढायचं तर पत्र्यांसाठी काढा हो!" पण वर्षाच्या मोठ्या दानाला चर्चमध्ये नाव आणि रक्कम मोठ्यानं पुकारतात, अन् गेल्या साली शेजारी वरचढ ठरला होता. मनासेनं आजोबांची, समारंभाला कमरेला गुंडाळायची मानाची चटई सावकाराकडे गहाण टाकली आणि सगळे पैसे दानाला लावले.

रविवारी कपडे करताना त्याच्या ध्यानात आलं, की बिनचटईचं चर्चमध्ये जाणं म्हणजे उघडंच जाणं. सियाले आत गेली, तो चर्चबाहेर नीरफणसाच्या झाडाखाली उभा राहिला. आत सर्वांत मोठ्या रकमेसह त्याचं नाव दुमदुमलं. मान आपोआप ताठ झाली.

सियाले चर्चमधून बाहेर आली. "ऐकलंत ना? आता घरी जा नि गळतीखालची बादली ओता. त्याला चटई लागत नाही."