साडूंचा कान

नाशिक जिल्ह्यात धरणं पुष्कळ झाली, द्राक्षबागा पुष्कळ झाल्या, पण कान एकच झाला आणि तो आमच्या साडूंचा. हे वाक्य मी पूर्वी कधी लिहिलं नाही, बोललो तर मुळीच नाही. उलट लग्नात, बारशात, साखरपुड्यात या कानाची चेष्टा करणाऱ्यांत मी पुढे असायचो. आता मी पंचाहत्तरी ओलांडली आहे आणि एक गोष्ट दुरुस्त करून ठेवायची आहे. पण त्याआधी माणूस सांगितला पाहिजे, नाहीतर काय बिघडलं होतं ते कळायचं नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सगळे त्यांना भाऊ म्हणतात, मीही भाऊच म्हणतो. ते मात्र इतक्या वर्षांच्या नात्यानंतरही मला 'पाहुणे' म्हणतात. मूळचे विंचूरकडचे, नोकरी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात आणि बिऱ्हाड तिथल्याच वसाहतीत. काम टर्बाइनवर. एवढ्या गोंगाटात आयुष्य काढलेल्या माणसाला खरं तर हाक ऐकू येऊ नये. यांच्या कानाला उलट त्या गोंगाटानेच धार लावली होती. एक लांब सळई घ्यायची, तिचं एक टोक फिरत्या यंत्राच्या बेअरिंगवर टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटायचे. मीटरचे सगळे काटे जागच्या जागी असताना भाऊ म्हणायचे, "तीन नंबर कुरकुरतंय. आठ दिवस काढील." साहेब लोक मीटर बघून झाले की यांच्या तोंडाकडे बघत. आमच्या सासऱ्यांना, अण्णांना, या जावयाचं फार कौतुक. अण्णा कांद्याचे शेतकरी. लासलगावला माल नेण्याआधी ते एकेक कांदा कानाशी धरून अंगठ्याने चोळायचे आणि सालीच्या आवाजावरून तो किती टिकेल ते सांगायचे. "कान असलेला माणूस फसत नाय," असं ते म्हणायचे. म्हणताना थोरल्या जावयाकडे बघायचे. धाकटा जावई, म्हणजे मी, नाशिकरोडच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो. माझ्याकडे बघून अण्णा विचारायचे, "शाळा काय म्हणते?"

नव्वद सालाच्या आसपास भाऊंनी घरात एक टेप आणला आणि त्या घराची शांतता संपली. टेप चांगला होता. चांगला होता हेच वाईट झालं, कारण त्यामुळे त्याचे स्पीकर किती किरकोळ आहेत ते भाऊंना ऐकू यायला लागलं. म्हणून स्पीकर आले. स्पीकर आले तेव्हा अँप्लिफायर तोकडा पडला. नवा अँप्लिफायर आला, तेव्हा कॅसेटची खरखर उघडी पडली आणि सीडीचा प्लेअर आला. तो इतका स्वच्छ निघाला की पुन्हा स्पीकरच बदलावे लागले. मी एकदा विचारलं, "भाऊ, हे थांबतं कुठं?" ते गंभीरपणे म्हणाले, "पाहुणे, हे घरात सून आणल्यावानी हाय. एक गुणाची आली की बाकीच्यांचं उणं दिसाया लागतं." प्रत्येक खरेदीच्या आधी ते ताईंना, म्हणजे माझ्या मेहुणीला, "आता एवढं एकच" असं सांगायचे. ताईंनी हे वाक्य इतक्यांदा ऐकलं होतं की भाऊ नुसते खाकरले तरी त्या विचारायच्या, "आता काय आणताय?" पण बाद झालेली वस्तू त्यांनी कधी विकली नाही. ती नातेवाइकांत वाटली जायची. त्यामुळे भाऊंची प्रगती आमच्या सगळ्या घराण्यात पसरलेली होती. आमच्याकडे त्यांचे पहिले स्पीकर होते, धाकट्या मेहुण्याकडे दुसरे, आणि कोणाकडे ऐकायला गेलं की भाऊ कोणत्या साली कुठल्या पायरीवर होते ते समजायचं.

पुढे वस्तू संपल्या आणि त्यांनी खोलीला हात घातला. भिंतींवरून आवाज परततो म्हणून त्यांनी अण्णांकडून कांद्याची रिकामी गोणपाटं आणली, ताईंकडून ती शिवून घेतली आणि पडद्यासारखी सगळ्या खोलीत सोडली. आवाज खरोखरच शांत झाला. पण गोणपाटांत सालीची बारीक धूळ होती, त्यामुळे गायक आलापाला सुरुवात करायचा आणि श्रोते शिंकायला. पंख्याची घरघर नको म्हणून भर मे महिन्यात पंखा बंद. मधोमध एक वेताची खुर्ची, तिच्या चार पायांखाली जमिनीवर पांढऱ्या रंगाच्या चार खुणा. ती खुर्ची बोटभर हलली तर ताईंना जेवताना सांगितलं जायचं. मात्र घरी कोणी आलं की भाऊ ती खुर्ची त्याला द्यायचे आणि स्वतः कोपऱ्यात उभे राहायचे. दूधवाल्यालाही त्यांनी एकदा तिच्यात बसवलं होतं. तो बिचारा दहा मिनिटं सतार ऐकून म्हणाला, "भाऊ, लय भारी, पण दूध नासंल." हा माणूस दूधवाल्याच्या चेहऱ्याकडे इतक्या आशेने बघत उभा होता की मला हसू आलं आणि थोडी लाजही वाटली. माझ्याकडे एखादी चांगली वस्तू असती तर मी आधी दार लावून घेतलं असतं.

बाहेरही हा नाद सुटायचा नाही. नव्या घरात पाऊल टाकलं की भाऊ एकदा मोठी टाळी वाजवायचे आणि मान तिरकी करून खोली कशी बोलते ते ऐकायचे. माझ्या पुतण्यासाठी सिन्नरला मुलगी बघायला गेलो तेव्हा मी त्यांना वाटेत तीनदा बजावलं होतं. उंबरा ओलांडताच टाळी वाजली. मुलीच्या आईला वाटलं, पाहुण्यांनी पोहे मागितले. ती घाईघाईने मुलीलाच ताट देऊन बाहेर घेऊन आली. भाऊ तिच्या वडिलांना म्हणाले, "घर चांगलं हाय. पडदे तेवढे लावा." लग्न जमलं आणि ते चांगलं चाललं आहे. विजेबद्दलही त्यांची तक्रार असायची. "करतो आम्हीच," ते म्हणायचे, "पण घरापतूर येता येता दमती. पहाटं पाचला या, तवा ती ताजी असती." मी कधी गेलो नाही. जायला हवं होतं.

आता मूळ गोष्ट. नव्वदच्या दशकाच्या शेवटाला उन्हाळ्यात अधिक महिना आला. आमच्याकडे अधिकात जावयाला धोंड्याचं जेवण घालतात, अनारशांचं वाण देतात. सासूबाईंचा गुडघा धरला होता म्हणून त्या औषधपाण्याला एकलहऱ्याला थोरल्या लेकीकडेच होत्या, आणि दोन्ही जावयांना तिथेच एका पंगतीला बसवायचं ठरलं. मेहुणे, त्यांच्या बायका, शेजारपाजारचे धरून दहा-बारा माणसं होती. जेवणं झाल्यावर भाऊंनी आपली ताजी करामत दाखवली. स्पीकरला जाणाऱ्या तांब्याच्या तारा एकत्र करून त्यांनी तीन पदरी वेणी घातली होती. वेणी कशी घालायची ते ताईंकडून शिकून घेतलं होतं आणि त्यासाठी चार दिवस ताईंच्याच केसांवर सराव केला होता. माझं पोट धोंड्यांनी तुडुंब भरलेलं, आणि अण्णा त्या वेणीवरून असा हात फिरवत होते की मला राहवेना. मी म्हणालो, "भाऊ, वायर ती वायर. विजेला वेणी कळत नाही."

"विजेला नसंल कळत, कानाला कळती," भाऊ म्हणाले.

अण्णा म्हणाले, "मग बघू की. कान तर घरातच हाय."

परीक्षा ठरली. भाऊंनी पाठ फिरवून त्या खुर्चीत बसायचं, डोक्यावरून टॉवेल घ्यायचा. मी गोणपाटाच्या पडद्यामागे जायचं. वेणी काढून साधी वायर लावायची किंवा काहीच न करता परत यायचं, माझी मर्जी. मग आधी वाजवलेला सारंगीचाच तुकडा पुन्हा वाजवायचा आणि भाऊंनी सांगायचं. मी आत गेलो. भाऊंच्या सामानातली दाराच्या घंटीची बारीक वायर घेतली, वेणी काढली, ती लावली आणि बाहेर आलो. सारंगी सुरू झाली. अर्धं मिनिट झालं नसेल, टॉवेलच्या आतून आवाज आला, "बदलली. मघाशी तारंवर फिरणारा गज दिसत व्हता, आता नुसती सारंगी ऐकू येती."

अण्णांचा चेहरा मला अजून दिसतो. ते इतके खूश झाले होते की मांडीवर थाप मारायला त्यांनी हात उचलला होता. तो हात खाली येण्याआधी मी म्हणालो, "बदललीच नाही."

का म्हणालो? एवढी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की चेष्टा होती. चेष्टा नव्हती. तो हात माझ्यासाठी कधी उचलला गेला नव्हता, एवढंच खरं. "दाखवतो थांबा," म्हणत मी पडद्यामागे गेलो, वेणी पुन्हा जागेवर लावली, बारीक वायर खिशात कोंबली आणि पडदा बाजूला केला. वेणी जशीच्या तशी. सगळी खोली हसली. विज्ञानाचे सर सांगत होते, त्यावर कोण काय बोलणार? बारीक तारेत रोध जास्त असतो, फरक पडू शकतो, हे मी दर वर्षी मुलांना फळ्यावर आकृती काढून शिकवत होतो. भाऊंनी टॉवेल काढला, वेणीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि तेही हसले. अण्णा म्हणाले, "असू द्या. कानालाबी वय होतं."

मला वाटलं होतं, चार दिवसांत विसरतील. पण आमच्या घराण्याला एक विनोद मिळाला की तो पिढीजात चालतो. प्रत्येक कार्यात कोणीतरी विचारायचंच, "काय भाऊ, वायर बदलली का?" भाऊ हसायचे. पण त्यानंतर घरात नवी वस्तू आली नाही. "आता एवढं एकच" बंद झालं. वर्षभराने त्या सगळ्या यंत्रांवर चादर आली आणि चादरीवर इस्त्रीचे कपडे. एकदा ताई आमच्याकडे आल्या होत्या तेव्हा सहज म्हणाल्या, "आता कामावर पण सळई लावून झाली की दुसऱ्या दोघांना ऐकायला लावतात. म्हणतात, माझ्या एकट्याच्या कानावर जाऊ नका." तरी बोललो नाही. त्यानंतर तीन अधिक महिने आले. मधल्या काळात सासूबाई गेल्या आणि पाठोपाठ अण्णा गेले. तिसऱ्या अधिकात धाकट्या मेहुण्याने आम्हा दोघांना जेवायला बोलावलं आणि वाढता वाढता विचारलं, "भाऊ, वायर बदलली का?" भाऊ हसले, आणि मी ठरवलं, आता सांगून टाकायचं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो. ते तेव्हा निवृत्त होऊन जेलरोडला राहायला आले होते. ताई चहा घेऊन आल्या. मी चहाला हात न लावता सगळं सांगितलं, खिशातल्या वायरीसकट. मग भाऊ म्हणाले, "म्हंजे बदलली व्हती?"

"हो."

"घंटीची?"

"हो."

"दोन्ही स्पीकरला का एकालाच?"

"दोन्ही."

"मग बरोबर. मग गज जायलाच पायजे." आणि त्या माणसाचा चेहरा उजळत गेला. मी शिव्यांची तयारी करून गेलो होतो. समोर एक म्हातारा आपल्याच खुर्चीत सरसावून बसत होता. "आगं, ऐकलं का," ते ताईंना म्हणाले, "बदलली व्हती."

ताईंनी ऐकलं होतं. त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, "आठ वर्षं हे माणूस स्वतःच्या कानाला खोटं म्हणत बसलं. तुम्हाला एकदाही वाटलं नाही का हो?" मला वाटलं होतं, पुष्कळदा वाटलं होतं. भाऊ मध्ये पडले. "जाऊ दे गं. पाहुण्यांचा चहा निवला, दुसरा आण." त्या आत गेल्यावर मात्र ते हळू आवाजात म्हणाले, "अण्णांना सांगायला पायजे व्हतं, पाहुणे." एवढंच. पुढे कधी ते या विषयावर मला काही बोललेले नाहीत.

आठवड्याच्या आत चादर निघाली. महिन्याभरात ताईंचा फोन आला, "खाकरायला लागलेत." मी दर रविवारी जाऊ लागलो. अजून जातो. ते मला खुर्चीत बसवतात, काहीतरी बदलतात, आणि विचारतात, "पडला का फरक?" मी सांगतो, "भाऊ, मला काही कळत नाही." "ऱ्हाऊ द्या," ते म्हणतात, "पडलाय." आणि मी मान डोलावतो, कारण पडलेला असतोच.

त्या दिवशी खोलीत असलेल्यांपैकी जे उरले आहेत त्यांना मी एकेकाला गाठून खरं सांगितलं. कोणी फारसं मनावर घेतलं नाही. इतक्या वर्षांचा विनोद कोणाला सोडवत नाही. मागच्या महिन्यात एका लग्नात पुन्हा कोणीतरी विचारलंच, "काय भाऊ, वायर बदलली का?" भाऊ आता ऐंशीच्या पुढे आहेत. ते काठीवर भार देऊन उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "बदलली व्हती." सगळे आणखीच हसले. मी शेजारी होतो. मी म्हणालो, "खरंच बदलली होती. मीच बदलली होती." त्यावर विचारणारा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बरोबर आहे सर, साडूची बाजू साडूनेच घ्यायची," आणि पंगतीकडे वळला. भाऊ माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "चला पाहुणे, जेवून घेऊ."