माझ्यापुढचे दोन बॅक

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी कॉलेजच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर आणि कॅप्टन होतो, आणि जिल्ह्यात माझ्यासारखा गोलकीपर नाही अशी माझी पक्की समजूत होती. आठवडेच्या आठवडे माझ्या जाळ्यात चेंडू जात नसे. तो का जात नसे याचा विचार करायची मला कधी गरज वाटली नाही.

माझ्यापुढे दोन बॅक खेळायचे, सख्खे चुलतभाऊ. उजवीकडचा थोरला, बोलका. डावीकडचा दिवसभरात चार शब्द बोलला तर खूप. समोरचा फॉरवर्ड चेंडू घेऊन आला की एक जण त्याला रेषेकडे ढकलत न्यायचा आणि दुसरा मधली जागा धरायचा. ठरवून, खुणा करून नाही, गल्लीत लहानपणापासून एकत्र खेळल्यामुळे. माझ्यापर्यंत पोचायचे ते दमलेले, सरळ हातात येणारे चेंडू. ते पकडून मी टाळ्या घ्यायचो.

त्या वर्षी आम्ही सेमीफायनलला पोचलो. विद्यापीठाच्या टीमची निवड करणारे सर तोच सामना बघायला येणार होते. थोरल्याला ही निवड हवीच होती. त्याचे वडील कारकून, पाठीमागे तीन बहिणी. विद्यापीठाकडून खेळल्याचं सर्टिफिकेट असलं की पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेवर नंबर लागेल, असं त्याला एका हवालदाराने सांगितलं होतं. तो त्या एका कागदासाठी पहाटे उठून गंगापूर रोडने धावायचा.

तारीख ठरवायला कॅप्टन म्हणून मी स्पर्धेच्या समितीकडे गेलो. चार डिसेंबर ते सहा डिसेंबर, यातला कुठलाही दिवस घ्या म्हणाले. चारला आमच्या सटाण्याच्या सेंटर फॉरवर्डच्या बहिणीचं लग्न होतं. पाचला चंपाषष्ठी, आमच्या घरी खंडोबाची तळी भरायची. मी सहा तारीख घेऊन, सगळ्यांची सोय पाहिली म्हणून स्वतःवर खूश होत परत आलो.

मैदानावर तारीख सांगितली तेव्हा थोरला बुटाच्या नाड्या सोडत होता. सहाला आम्ही सगळे दादरला असतो, चैत्यभूमीवर, एवढंच तो म्हणाला. दोन वर्षं मी त्याच्या घरी जेवत होतो, भिंतीवरचा हार घातलेला फोटो रोज बघत होतो. मी धावत समितीकडे गेलो, हातापाया पडलो. बाहेरगावच्या टीमला कळवून झालं होतं, तारीख बदलेना. मग मी परत येऊन जे बोलायला नको ते बोललो. यंदा एक वर्ष नाही गेलास तर चालणार नाही का, तुझ्याच नोकरीसाठी म्हणतोय.

तो चिडला नाही. "तुमच्या घरची तळी एक दिवस पुढे ढकलली असतीस का?" त्याने विचारलं.

सहाला त्या दोघांच्या जागी आम्ही एक लांब उडीवाला आणि एक जाडजूड राखीव फॉरवर्ड उभा केला. दोघंही जीव तोडून पळाले, पण दोघंही एकाच चेंडूमागे पळाले. मधली जागा मोकळी, आणि त्या मोकळ्या जागेतून सुटलेला चेंडू म्हणजे काय ते मला पहिल्यांदा कळलं. मी लोळलो, उड्या मारल्या, कोपरं सोलून घेतली. किती अडवले आठवत नाही. पाच गेले.

सामन्यानंतर निवडीचे सर माझ्याकडे आले. पाठीवर हात ठेवून म्हणाले, "पोरा, एकटा लढलास. तुमच्या कॉलेजला बॅकच नाहीत का?"

संघाची यादी अजून त्यांच्या खिशात होती, नावं लिहायची बाकी होती. आहेत, उद्या येतील, एकदा बघा, एवढं म्हणायला काय लागतं? पण इतकं कौतुक माझं कधी झालं नव्हतं, आणि ते वाटून घ्यायला जीभ उचलेना. मी मान खाली घातली. सर हळहळले आणि गेले. यादीत आमच्या कॉलेजचं एकच नाव लागलं, माझं.

आठ तारखेला दोघे कॅन्टीनमध्ये भेटले. थोरल्याने मला मिठी मारली, सगळ्यांना चहा सांगितला. आपल्यातला एक तरी गेला, म्हणाला. त्याचा तो आनंद मला सोसेना. मी सरांचा प्रश्न सांगितला आणि माझं गप्प बसणंही सांगितलं.

धाकटा उठून बाहेर गेला. थोरल्याने आपला कप बाजूला सारला.

"तारीख घेतलीस तेव्हा आम्ही तुझ्या लक्षात आलो नाही," तो म्हणाला. "सरांनी विचारलं तेव्हा मात्र आम्ही तुझ्या लक्षात होतो."